माघारीला जागा नसलेली सहल

दिवाळी सरली, कांद्याच्या लागणी मार्गी लागल्या आणि नाताळची सुट्टी दिसू लागली, की शिरूर-दौंड पट्ट्यात एक मत हल्ली फार ठामपणे ऐकू येतं. मनाली आता लांब राहिलेली नाही. अटल बोगदा झाला, रस्ते चौपदरी झाले, दारात दणकट गाडी उभी आहे. घरचीच गाडी काढायची, आई-वडील आणि पोरं बसवायची, चालवायला दोघं असले की चौथ्या दिवशी सगळे बर्फात. ज्यानं भर पावसाळ्यात माळशेज, ताम्हिणी आणि दिवे घाट चालवला, त्याला हिमाचलचा घाट तो काय अवघड?

हे मत मांडणारी माणसं बेजबाबदार नाहीत. जन्मभर रानात राबलेल्या आईनं एकदा तरी बर्फ हातात घ्यावा, पोरांनी पुस्तकातला हिमालय डोळ्यांनी पाहावा, ही त्यामागची ओढ आहे आणि ती खरी आहे. कुटुंबानं एकत्र हिंडण्यासाठी पैसा खर्च करावा, हा विचारही आपल्या भागात आत्ता कुठं रुजतो आहे. त्यामुळे या मताला नुसतं ‘वेडेपणा’ म्हणून झटकून टाकणं अन्याय होईल. त्याला मुद्द्याला मुद्दा देऊनच उत्तर द्यायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे: कुटुंब घेऊन बर्फाळ डोंगरात निघताना कुठवर पोहोचायचं याच्या आधी कुठून परत फिरायचं हे ठरलं पाहिजे. आणि दोन हजार किलोमीटर स्वतःची गाडी हाकत न्यायची, तीही आठ-नऊ दिवसांच्या सुट्टीत, असा बेत नेमकी परत फिरण्याची मुभाच काढून घेतो.

आधी घाटाचा मुद्दा घेऊ, कारण सगळा आत्मविश्वास त्याच्यावर उभा आहे. आपल्या घाटांत वळणं आहेत, दरी आहे, धुकं आहे, दरड आहे. हे सगळं हिमाचलातही आहे. फरक आहे तो टायरखाली. कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ असतो. पावसानं ओल्या झालेल्या डांबरावर तो घटतो, तरी पकड शिल्लक राहते. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि रात्रीत गोठून काचेसारख्या झालेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली.

या आकड्यांचा अर्थ ब्रेकवर पाय दिल्यावर कळतो. ताशी ३० किलोमीटर म्हणजे आपल्या हिशेबानं अगदी सावकाश. या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे ५ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला १८ मीटर लागतात, काचेसारख्या थरावर ३५. आता याला उतार जोडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्याचा नेहमीचा चढ शंभराला पाच असतो आणि अपवादाच्या ठिकाणी तो शंभराला सातपर्यंत जाऊ दिला जातो. सातच्या उतारावर, त्याच काचेसारख्या थरावर, त्याच ३० च्या वेगातली गाडी थांबायला शंभर मीटरांहून जास्त अंतर घेईल. उतार शंभराला दहा झाला तर गणित सांगतं की ती थांबणारच नाही. चालकाचा हात कितीही बसलेला असला तरी हे गणित बदलत नाही.

आपल्याकडच्या चालकाला याची थोडी कल्पना एकाच ठिकाणी येते: वळवाच्या पावसानंतर काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर. स्टिअरिंग एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि ब्रेक दाबावा तितकी ती जास्त सरकते. पण तिथं बाजूला उसाचा फड असतो आणि ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर. मनालीजवळच्या सोलंगच्या वरच्या वळणावर यातलं काहीच नसतं. शिवाय काळी माती डोळ्यांना दिसते. डांबरावर गोठलेला पाण्याचा पातळ थर दिसत नाही, रस्ता फक्त ओला असल्यासारखा वाटतो. दुपारी उन्हात वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं, ऊन कललं की तेच गोठतं आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणावर तर दुपारीही तसंच राहतं. शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ सर्वांत निसरडा, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा असतो. घाट चालवून आलेली सवय इथं उलट घात करते. वळणावर गाडी जड वाटली की आपला पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि बर्फावर नेमकं तेच करायचं नसतं.

दुसरा मुद्दा फोर बाय फोरचा. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी चढाला लागते, रुतलेली निघते, यात शंका नाही. पण थांबताना फोर बाय फोर काहीच मदत करत नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबणं ठरतं टायरच्या पकडीवर, आणि आपल्या गाड्यांना जे टायर बसवलेले असतात त्यांचं रबर थंडीत कडक होऊन पकड आणखी कमी करतं. म्हणजे ही गाडी तुम्हाला अशा जागी चढवून नेते, जिथून साधी गाडी आधीच मागे फिरली असती, आणि उतरताना मात्र तुमची अवस्था त्या साध्या गाडीसारखीच असते. चाकांना साखळ्या लावल्यावर पकड बरीच सुधारते, हे खरं. पण साखळी गोठलेल्या बोटांनी, रस्त्याच्या कडेला, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत पहिल्यांदाच लावायला घेणं म्हणजे तयारी नव्हे.

तिसरा मुद्दा बोगद्याचा, आणि त्याच्याबद्दलचा गैरसमज सर्वांत दाट आहे. सीमा रस्ते संघटनेनं बांधलेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. जवळजवळ ४,००० मीटर उंचीची रोहतांग खिंड त्यानं टाळली आणि हिवाळ्यात तुटणारा लाहौल जोडला. हे मोठंच काम आहे. पण बोगदा बारमाही म्हणजे बोगद्याकडे जाणारा रस्ता बारमाही, असं होत नाही. सोलंगपासून धुंडीकडे, म्हणजे बोगद्याच्या दक्षिण तोंडाकडे जाणारा रस्ता उघड्या डोंगरातूनच जातो. त्यावर बर्फ पडतो, हिमकडे कोसळतात, आणि जोराची बर्फवृष्टी झाली की प्रशासन तो बंद करतं.

डिसेंबर २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. २३ डिसेंबरला बोगदा आणि सोलंग यांच्या दरम्यान हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकून पडल्या. चारच दिवसांनी, २७ तारखेला, सोलंग नाल्यात पुन्हा तेवढ्याच गाड्या आणि सुमारे ५,००० पर्यटक अडकले. कुल्लू पोलिसांनी रात्रीच्या थंडीत त्यांना बाहेर काढलं. ही नाताळची सुट्टी होती, म्हणजे आपल्याकडच्या शाळा मोकळ्या असण्याचे तेच दिवस. बोगद्यानं रस्ता सोपा केला आणि त्यामुळेच गर्दी आणली. बर्फात गर्दी हा स्वतंत्र धोका आहे. एक गाडी आडवी झाली की मागची हजार थांबतात, आणि मग तुमचं कौशल्य काहीच कामाचं नसतं.

अशी थांबलेली रांग किती घातक ठरते हे पाकिस्तानातल्या मरीनं दाखवून दिलं. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बर्फ बघायला लोक हजारोंनी त्या थंड हवेच्या गावाकडे निघाले. ७ तारखेच्या रात्री जोराची बर्फवृष्टी झाली आणि गाड्या होत्या तिथं गाडल्या गेल्या. किमान २२ माणसं गाड्यांतच मेली, त्यांत १० मुलं होती. काहींचा जीव थंडीनं गेला. काहींनी उबेसाठी काचा लावून इंजिन चालू ठेवलं होतं. बर्फानं सायलेन्सरचं तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, झोप लागते आणि माणूस उठत नाही. ही माणसं कुठल्या मोहिमेवर गेलेली नव्हती. सुट्टीच्या दिवशी कुटुंब घेऊन बर्फ बघायला निघालेली होती, तुमच्या-माझ्यासारखीच.

चौथा मुद्दा पैशाचा आणि मोकळेपणाचा, आणि प्रतिपक्षाची सर्वांत भक्कम बाजू हीच. सहा माणसांना घरची गाडी स्वस्त पडते, म्हातारीला हवं तिथं थांबता येतं, पोरांच्या खाण्याचा डबा, औषधं, अंथरूण-पांघरूण सगळं सोबत राहतं. यातला सोयीचा भाग मला मान्य आहे. स्वस्ताईचा हिशेब मात्र करून बघू. शिरूरहून मनाली जाऊन-येऊन ४,००० किलोमीटरच्या आसपास. लिटरला १४ किलोमीटर धरले तर २८५ लिटर डिझेल, ९० रुपयांनी पंचवीस हजारांच्या वर. त्यावर दोन्ही बाजूंचा टोल, वाटेतल्या रात्रींच्या खोल्या आणि सहा जणांचं जेवण. हे सगळं धरलं की गाडी फार स्वस्त उरत नाही.

पण खरी किंमत दिवसांची आहे. रोज साडेसहाशे किलोमीटर रेटले तरी जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. नऊ दिवसांच्या सुट्टीतले सहा रस्त्यावर गेले, बर्फासाठी उरले तीन. वाटेत उत्तरेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत असं धुकं पडतं की पुढची गाडी दिसत नाही. यमुना एक्स्प्रेसवेवर दर हिवाळ्यात वेगमर्यादा खाली आणावी लागते ती त्यासाठीच. धुक्यानं अर्धा दिवस खाल्ला की बर्फासाठी उरलेल्या तीनाचे अडीच होतात.

आता अशा माणसाची कल्पना करा. तीन दिवस गाडी चालवून तो मनालीत पोहोचला आहे. त्याच्या हाती दोन दिवस आहेत, घरच्यांना बर्फ दाखवण्याचा शब्द दिलेला आहे. सकाळी आकाश भरून आलं आहे, पोलिस म्हणतात पुढं जाऊ नका, हॉटेलवाला म्हणतो उद्या बघा. त्याच्याकडे वाया घालवायला उद्या नाही. तो निघतो. त्याला निघायला लावणारा मूर्खपणा नसतो. मागे टाकलेले दोन हजार किलोमीटर त्याला पुढं ढकलत असतात. लांबून आलेल्या माणसाला परत फिरणं जड जातं, आणि बर्फात तर योग्य वेळी परत फिरणं हेच सर्वांत मोठं कौशल्य आहे. स्वतःच्या गाडीनं मिळणारा मोकळेपणा खरा आहे, पण तो वाटेतला आहे. जिथं त्याची गरज असते, त्या शेवटच्या चढावर, तो शिल्लक नसतो.

यावर काहीजण म्हणतात, आम्ही कुठं चालवतो, गावातला ड्रायव्हर नेतो. भरवशाचा आहे, शिर्डी, तुळजापूर, उज्जैन सगळं त्यानं केलं आहे. तो भरवशाचा असेलच. पण बर्फ त्यानंही पाहिलेला नाही, आणि मालकाला ‘पुढं नको’ म्हणणं त्याला तुमच्यापेक्षाही अवघड. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यानंच दिवसाला आठ तासांचं काम सांगितलं होतं. आपण त्याच्याकडून पंधरा-सोळा तास करून घेतो आणि वर त्याच्याच भरवशावर आई-वडिलांना बसवतो. उत्तराखंडात डोंगरी मार्गावर प्रवासी गाडी चालवणाऱ्याच्या परवान्यावर तशी वेगळी नोंद लागते. डोंगर चालवणं ही निराळी विद्या आहे, हे तिथल्या सरकारनं मान्य केलं आहे. आणि गाडी ओळखीतल्याची, पांढऱ्या पाटीची, भाड्यानं घेतलेली असेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. सगळं बरं चाललेलं असताना हे कुणाला आठवत नाही.

‘तिथले लोक रोज चालवतातच की’ असंही म्हटलं जातं. बरोबर आहे, आणि त्याच कारणानं गाडी त्यांच्या हाती द्यायला हवी. मनालीचा टॅक्सीवाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न देता उतरतो. कोणत्या वळणावर सकाळी अकरापर्यंत ऊन येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. आणि मुख्य म्हणजे, त्याला आजच पोहोचायचं नसतं. उद्याही तो तिथंच असणार आहे. म्हणून तो निःसंकोच सांगतो, आज नको. त्याला दिलेल्या भाड्यात खरी किंमत त्या शब्दाची आहे.

मग घरी बसायचं का? अजिबात नाही. बर्फ पाहण्याचा हक्क मुंबई-पुण्याच्या लोकांइतकाच कुरकुंभच्या आणि टाकळी हाजीच्या माणसाचाही आहे. फक्त बेत उलट्या टोकाकडून करायला हवा.

आपल्या हाताशी दौंड जंक्शन आहे, ही गोष्ट आपण गाडीच्या नादात विसरलो. बेंगळुरूहून नवी दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस दौंडवरून जाते. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस दौंड, अहिल्यानगर, मनमाड याच वाटेनं धावते आणि अंबाल्याला उतरवते. शिरूरला रेल्वे नाही, पण दौंड काही लांब नाही. रात्री कुणाला गाडी चालवत जागावं लागत नाही, म्हातारी माणसं आडवी झोपून जातात, धुक्याची काळजी इंजिनवाल्याची. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे नाताळचं तिकीट ऑक्टोबर संपता-संपता काढायचं. दिल्ली किंवा अंबाल्याहून पुढं मनालीपर्यंत बस, आणि मनालीच्या वर जायला तिथलीच टॅक्सी. काश्मीरला जायचं असेल तर जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत सुरू झाली आहे. बर्फात जो महामार्ग वारंवार बंद पडतो तो तिनं टाळता येतो.

या बेतात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, कोणताही कार्यक्रम न लावता. हवामान खात्याकडे बघा. हिमालयात बर्फ पाडणारे पश्चिमी झंझावात काही दिवस आधी दिसतात आणि पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे तिथंही दिले जातात. कांद्यावर फवारणी करायची की नाही हे ठरवायला आपण अंदाज पाहतोच. पोरं घेऊन सोलंगला जाताना तो पाहायला काय हरकत आहे? नारिंगी इशारा असेल त्या दिवशी मनालीतच थांबायचं. तिथल्या बाजारात, हिडिंबा मंदिराच्या देवदारांत हिंडायचं. बर्फ कदाचित तिथंच पडेल.

इतकं सांगूनही ज्याला स्वतःचीच गाडी न्यायची आहे, त्यानं किमान एवढं करावं. निघण्याआधी रेडिएटर तपासून घ्यावा. आपल्याकडे कूलंट कमी झालं की बादलीतलं पाणी ओतण्याची सवय आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. डिझेलही थंडीत घट्ट होतं. साधं हिवाळी डिझेल वाहतं राहण्याची प्रमाण मर्यादा ३ अंश सेल्सिअस आहे, आणि लडाखसाठी इंडियन ऑइलला २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं खास डिझेल आणावं लागलं. म्हणून शेवटची टाकी डोंगरातल्या पंपावर भरावी. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढू नये, तो गोठून बसतो. साखळी लावण्याचा सराव घराच्या अंगणात करावा. अडकून पडल्यास इंजिन अधूनमधूनच चालवावं, त्याआधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा आणि एक काच थोडी उघडी ठेवावी. आणि बर्फ जिथं सुरू होतो तिथं, मनालीत, गाडी उभी करून पुढं स्थानिक टॅक्सी करावी. दोन हजार किलोमीटर चालवल्यावर शेवटचे पंचवीस किलोमीटर दुसऱ्याच्या हाती दिले म्हणून कुणाचा मान कमी होत नाही.

शेवटी एक गोष्ट निघण्याआधी, घरातच, सगळ्यांसमोर ठरवून टाकावी: परत फिरण्याचा निर्णय कोणाचा. माझ्या मते तो गाडी चालवणाऱ्याचा नसावा. त्याच्यावर शब्द पाळण्याचं ओझं असतं. तो गाडीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाचा असावा. ज्या आजीला धाप लागते, ज्या पोराच्या पायांना थंडी सोसत नाही, तिनं किंवा त्यानं ‘बास’ म्हटलं की गाडी फिरली पाहिजे, वाद न घालता, टोमणा न मारता. असं ठरवून निघालेलं कुटुंब बर्फ न पाहता परतलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकतं. परत फिरायची लाज वाटणाऱ्यांना मी विनंती करतो: या वर्षीचा तुमचा बेत कागदावर मांडा आणि त्यात माघारीसाठी एक तरी दिवस सापडतो का ते बघा. सापडला नाही, तर गाडी काढू नका, बेत बदला.